क्वेबेक ईस्ट: कॅनडाला दोन पंतप्रधान देऊन नकाशावरून पुसला गेलेला मतदारसंघ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

क्वेबेक ईस्ट हा मतदारसंघ कधी होता, आणि त्याची एवढी चर्चा कशासाठी?

कॅनडाच्या संसदेतल्या हाउस ऑफ कॉमन्ससाठी, म्हणजे तिथल्या लोकसभेसाठी, क्वेबेक शहरातून निवडून येणाऱ्या जागांपैकी ही एक. १८६७ मध्ये कॅनडा हे संघराज्य झालं तेव्हापासून ती अस्तित्वात होती. २००४ च्या निवडणुकीपासून ती नाही.

चर्चा होते ती मधल्या ऐंशी वर्षांमुळे. १८७७ च्या अखेरीपासून १९५८ पर्यंत इथून फक्त तिघेजण निवडून गेले: विल्फ्रिड लॉरिये, एर्नेस्ट लापवांत आणि लुई सँ-लोराँ. त्यांतले लॉरिये आणि सँ-लोराँ पंतप्रधान झाले. मधले लापवांत झाले नाहीत, पण पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्या होकाराशिवाय क्वेबेकबद्दलचा कुठलाही मोठा निर्णय पुढे सरकत नसे. तिघेही लिबरल पक्षाचे, तिघेही वकील, तिघेही फ्रेंच भाषक कॅथलिक. राजधानी ओटावात फ्रेंच कॅनडाच्या वतीने बोलणाऱ्या माणसाची ही जवळजवळ ठरलेली गादी होती. फक्त ती बापाकडून मुलाकडे गेली नाही. दर वेळी पक्षाने बाहेरून माणूस आणला आणि मतदारांनी त्याला स्वीकारलं.

हा मतदारसंघ शहराच्या नेमक्या कोणत्या भागात होता?

क्वेबेक शहर एका कड्याने दोन भागांत कापलेलं आहे. वर तटबंदी, विधानसभा, चर्चची मोठी कार्यालयं, वकील-व्यापाऱ्यांची घरं. खाली सँ-शार्ल नदीच्या काठाने पसरलेल्या सँ-रॉक आणि सँ-सोव्हर या कामगारवस्त्या. क्वेबेक ईस्टचा गाभा म्हणजे हा खालचा भाग. वरून खाली यायला आजही लांबलचक जिने आहेत आणि ते चढताना धाप लागली की हे शहर दोन मजली का म्हणतात ते वेगळं सांगावं लागत नाही.

सँ-रॉकचे लोक आधी लाकडी जहाजं बांधायचे. लोखंडी जहाजं आली आणि तो धंदा बसला. मग कातडी कमावण्याचे आणि बुटांचे कारखाने आले. पुढे १८८६ मध्ये डोमिनियन कॉर्सेट ही कंपनी निघाली आणि वस्तीतल्या शेकडो मुली-बायका तिथे कामाला जाऊ लागल्या. घरं लाकडी, एकमेकांना खेटून, त्यामुळे आगी ठरलेल्या. १८४५ च्या मे महिन्यात सँ-रॉक जळालं, आणि पहिल्या संघराज्य निवडणुकीच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर १८६६ मध्ये, पुन्हा भीषण आग लागली. पहिलं मतदान झालं ते अशा वस्तीत.

लॉरियेंच्या आधी इथून कोण निवडून यायचं?

१८६७ मध्ये लिबरल पक्षाचे पिएर-गाब्रिएल उओ. त्यांच्यानंतर १८७० च्या पोटनिवडणुकीत कॉन्झर्व्हेटिव्ह आदोल्फ तुरांजो, जे शहराचे महापौरही होते. १८७४ मध्ये पुन्हा लिबरल, इझिदोर तिबोदो नावाचे बडे व्यापारी. म्हणजे पहिल्या दहा वर्षांत जागा दोनदा इकडून तिकडे गेली. ती ‘पहिल्यापासून लिबरलांचा बालेकिल्ला’ होती असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं, त्यात तथ्य नाही.

लॉरिये तर दुसऱ्याच मतदारसंघाचे होते ना? मग ते इथे कसे आले?

हरले म्हणून आले. ऑक्टोबर १८७७ मध्ये पंतप्रधान अलेक्झांडर मॅकेन्झी यांनी ३५ वर्षांच्या लॉरियेंना मंत्री केलं. त्या काळी ब्रिटिश रिवाजानुसार एक विचित्र नियम होता: खासदाराला मंत्रिपद मिळालं की त्याची जागा रिकामी व्हायची आणि त्याने पुन्हा मतदारांपुढे जायचं. (कॅनडात संघराज्य पातळीवर हा नियम १९३१ पर्यंत टिकला.) बहुतेकांसाठी तो उपचार असे. लॉरियेंसाठी नव्हता. द्रुमाँ-आर्ताबास्का या त्यांच्या घरच्या मतदारसंघात ते थोडक्या मतांनी पडले. शपथ घेतलेला मंत्री, आणि त्याला जागा नाही!

पडण्यामागे कॉन्झर्व्हेटिव्हांइतकाच चर्चचा हात होता. क्वेबेकच्या बऱ्याच पाद्र्यांच्या लेखी ‘लिबरल’ म्हणजे युरोपातल्या धर्मविरोधी क्रांतिकारकांचा भाऊबंद. स्वर्ग निळा आणि नरक लाल, असं व्यासपीठावरून सांगितलं जायचं. निळा रंग कॉन्झर्व्हेटिव्हांचा, लाल लिबरलांचा, तेव्हा श्रोत्यांना जे समजायचं ते समजायचं. आमचा उदारमतवाद इंग्लंडच्या वळणाचा, धर्माशी त्याचं भांडण नाही, हे पटवण्यासाठी लॉरियेंनी त्याच वर्षी २६ जूनला क्वेबेक शहरात एक मोठं भाषण केलं होतं. कॅनडाच्या राजकीय इतिहासातल्या महत्त्वाच्या भाषणांत त्याची गणना होते. पण गावातल्या पाद्र्याचा शब्द मतपेटीच्या जास्त जवळ होता.

मग तिबोदोंनी आपल्या जागेचा राजीनामा दिला आणि नोव्हेंबरच्या अखेरीस लॉरिये क्वेबेक ईस्टमधून निवडून आले. खालच्या शहरातही पाद्री होतेच, पण इथे गोदी कामगार, कातडी कामगार, छोटे दुकानदार यांची वस्ती दाट होती आणि एका गावाला एक पाद्री जसा मुठीत ठेवू शकतो तसं इथे जमत नव्हतं, असं मला वाटतं. शिवाय १८७४ पासून गुप्त मतदान सुरू झालं होतं.

ते शेवटपर्यंत इथूनच लढले का?

हो. १८७८ पासून १९१७ पर्यंतच्या प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीत ते क्वेबेक ईस्टमधून आले आणि १७ फेब्रुवारी १९१९ रोजी वारले तेव्हाही इथलेच खासदार होते. त्यातली १८९६ ते १९११ ही पंधरा वर्षं ते सलग पंतप्रधान होते. सलग इतकी वर्षं त्या पदावर कॅनडात आजवर दुसरं कुणी राहिलेलं नाही.

१८९६ ची निवडणूक लक्षात ठेवण्यासारखी. मॅनिटोबा प्रांतातल्या कॅथलिक शाळांचा वाद पेटलेला, बिशप मंडळी उघडपणे कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारच्या तोडग्याच्या बाजूने, आणि तरीही क्वेबेक प्रांताने ६५ पैकी ४९ जागा लॉरियेंना दिल्या. १८७७ चा हिशोब चुकता झाला म्हणायचा.

लॉरिये एकाच वेळी दोन जागांवरून निवडून आल्याचं वाचलं. ते खरं आहे का?

खरं आहे. १८९६ मध्ये ते क्वेबेक ईस्टबरोबरच थेट पश्चिमेकडच्या सस्कॅचेवनमधूनही निवडून आले, १९११ मध्ये सुलाँजमधूनही. पक्षाच्या नेत्याने दोन ठिकाणी उभं राहणं तेव्हा चालायचं. आपल्याकडे अजूनही चालतं, त्यामुळे मराठी वाचकाला याचं फारसं नवल वाटू नये. दर वेळी ठेवली मात्र क्वेबेक ईस्ट.

लॉरिये सँ-रॉकमध्ये राहायचे का?

नाही. त्यांचं घर आर्ताबास्काला, नंतर ओटावात. लापवांत मूळचे नदीच्या खालच्या अंगाच्या सँ-एलुआ गावचे आणि आधी कामुरास्काचे खासदार. सँ-लोराँ क्वेबेक शहरातच राहत, पण कड्यावर, ग्रांद आले या श्रीमंती रस्त्यावर. म्हणजे ऐंशी वर्षं खालच्या वस्तीने मतं दिली ती वस्तीबाहेरच्या माणसांना. यात फसवणूक होती असं मी म्हणणार नाही. आपल्या मताने पंतप्रधान उभा राहतो याचा त्या कामगारांना अभिमान होता, आणि बदल्यात सरकारी नोकऱ्या आणि कामंही मिळत. पण वस्तीतला माणूस दिल्लीला, चुकलो, ओटावाला पाठवायची पाळी यायला १९६० चं दशक उजाडावं लागलं, हेही तितकंच खरं.

१९१८ ची ईस्टर दंगल याच मतदारसंघात झाली का?

सुरुवातही इथे आणि शेवटही इथे.

पहिल्या महायुद्धात सैनिक कमी पडू लागले तेव्हा पंतप्रधान रॉबर्ट बोर्डन यांनी १९१७ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा आणला. लॉरियेंनी विरोध केला, बोर्डन यांच्या संयुक्त सरकारात जायला नकार दिला, आणि इंग्रजी भाषक लिबरल पुढाऱ्यांपैकी बरेचजण त्यांना सोडून गेले. डिसेंबर १९१७ च्या निवडणुकीत ते देशभरात हरले, पण क्वेबेकमध्ये ६५ पैकी ६२ जागा जिंकल्या. देश भाषेवरून उभा चिरला गेला.

२८ मार्च १९१८, गुरुवार, ईस्टरच्या आधीचा. भरती चुकवणाऱ्यांना हुडकणाऱ्या संघराज्य पोलिसांनी सँ-रॉकमध्ये संध्याकाळी एका तरुणाला धरलं. त्याला सूट मिळालेली होती, पण कागद खिशात नव्हता, घरी होता. कागद आणून दाखवेपर्यंत बाहेर हजारोंचा जमाव जमला होता. पोलीस चौकीवर दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशी, गुड फ्रायडेला, जमाव कडा चढून वरच्या शहरात गेला आणि भरतीच्या नोंदी ठेवलेल्या कार्यालयाची कागदपत्रं फाडून पेटवून दिली. भरतीला पाठिंबा देणाऱ्या वृत्तपत्रांच्या काचा फोडल्या. ओटावाने टोरांटोकडून सैनिक मागवले, म्हणजे फ्रेंच न समजणारे, फ्रेंच वस्तीत.

सोमवारी, १ एप्रिलच्या रात्री, धुक्यात, सँ-जोझेफ, सँ-व्हालिए आणि बागो हे रस्ते मिळतात तिथे सैन्याने गोळीबार केला. मशिनगनही चालली. चारजण मेले. त्यांत एक सुतारकाम करणारा मुलाबाळांचा बाप होता आणि एक शाळकरी वयाचा मुलगा, जो बुटांच्या कारखान्यात कामाला होता. मृत्यूच्या चौकशीसाठी बसलेल्या पंचांनी चौघंही निर्दोष असल्याचं सांगितलं आणि कुटुंबांना भरपाई द्यावी असं सुचवलं. भरपाई मिळाली नाही. १९९८ मध्ये त्या कोपऱ्यावर स्मारक उभं राहिलं.

वस्तीचे खासदार तेव्हा स्वतः लॉरिये होते, ७६ वर्षांचे. त्यांनी दंगलीची पाठराखण केली नाही, कायदा मोडू नका असंच सांगितलं. पुढच्या फेब्रुवारीत ते गेले. पण क्वेबेक ईस्टचं पुढचं सगळं राजकारण या कोपऱ्यावरून जातं. तिथून निवडून यायचं असेल तर सक्तीच्या भरतीबद्दल तुझं म्हणणं काय, हा प्रश्न टाळता येत नव्हता.

एर्नेस्ट लापवांत कोण?

ऑक्टोबर १९१९ च्या पोटनिवडणुकीत कामुरास्काची जागा सोडून आलेले लॉरियेंचे वारसदार. १९०४ मध्ये संसदेत पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांना इंग्रजी जेमतेमच येत होतं. ते त्यांनी तिथेच ऐकून-बोलून कमावलं. १९२१ च्या निवडणुकीत लिबरलांनी क्वेबेकच्या ६५ च्या ६५ जागा घेतल्या. १९२३ मध्ये मत्स्यव्यवसायमंत्री असताना त्यांनी अमेरिकेशी हॅलिबट माशांचा करार केला. मासे तसे बाजूला ठेवा. ब्रिटनच्या सहीशिवाय, एकट्या कॅनडाने केलेला हा पहिला आंतरराष्ट्रीय करार होता. नंतर ते दीर्घकाळ कायदामंत्री राहिले.

१९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि जुनी जखम उघडी पडली. क्वेबेकचे प्रांतिक मुख्यमंत्री मोरिस दुप्लेसी यांनी युद्धाच्या मुद्द्यावर निवडणूक लावली. लापवांत आणि त्यांचे क्वेबेकचे सहकारी मंत्री प्रचारात उतरले: दुप्लेसी जिंकले तर आम्ही सगळे राजीनामे देऊ, आणि मग सक्तीची भरती अडवायला ओटावात कुणी उरणार नाही. आम्ही आहोत तोवर सक्ती नाही. लोकांनी ऐकलं, दुप्लेसी पडले. पण हे वचन माणसाच्या नावावर होतं, आणि माणूस २६ नोव्हेंबर १९४१ ला वारला.

मग सँ-लोराँ कसे आले? ते तर राजकारणात नव्हते.

नव्हतेच. साठीला टेकलेले, मोठमोठ्या कंपन्यांचे आणि घटनात्मक खटले लढवणारे वकील, कधी निवडणूक न लढवलेले. मॅकेन्झी किंग यांनी डिसेंबर १९४१ मध्ये त्यांना कायदामंत्रिपद देऊ केलं. युद्ध संपेपर्यंत, एवढ्याच बोलीवर त्यांनी घेतलं.

पोटनिवडणूक ९ फेब्रुवारी १९४२ ला, आणि त्याच्या आधी काही दिवस सरकारने जाहीर केलं की सक्तीची भरती न करण्याच्या वचनातून मोकळं करा म्हणून जनमत घेणार आहोत! क्वेबेक ईस्टच्या मतदाराला यापेक्षा वाईट मुहूर्तावर मत मागता आलं नसतं. समोर पॉल बुशार हे कडवे राष्ट्रवादी उमेदवार. सँ-लोराँनी लापवांत यांच्यासारखं वचन द्यायचं टाळलं. वचन न देताही ते निवडून आले, हे मला या मतदारसंघाच्या इतिहासातलं सर्वांत कुतूहलाचं वाटतं. एप्रिलमध्ये त्याच जनमतात क्वेबेकने सत्तर टक्क्यांहून जास्त ‘नाही’ म्हटलं. म्हणजे फेब्रुवारीत मत धोरणाला नव्हतं. लॉरियेंच्या जागेवर बसणाऱ्या माणसाला ते होतं.

१९४४ मध्ये खरोखरच सक्ती झाली, तेव्हा त्यांनी काय केलं?

किंग यांच्यामागे उभे राहिले. भरती केलेल्यांना युरोपात पाठवायचा निर्णय नोव्हेंबर १९४४ मध्ये झाला. शेजारच्याच क्वेबेक साउथचे खासदार आणि मंत्री ‘चबी’ पॉवर यांनी दिलेल्या शब्दासाठी राजीनामा दिला. सँ-लोराँनी शब्दच दिलेला नव्हता. ते राहिले, आणि जून १९४५ मध्ये क्वेबेक ईस्टने त्यांना पुन्हा निवडून दिलं. १५ नोव्हेंबर १९४८ ला ते पंतप्रधान झाले, १९४९ आणि १९५३ च्या निवडणुका मोठ्या बहुमताने जिंकल्या, १९५७ मध्ये जॉन डीफेनबेकर यांच्यापुढे सत्ता गमावली.

आणि मग बालेकिल्ला ढासळला?

एका निवडणुकीत. १९५८ मध्ये सँ-लोराँ उभे राहिले नाहीत. डीफेनबेकर यांच्या लाटेत कॉन्झर्व्हेटिव्ह २६५ पैकी २०८ जागा घेऊन आले, क्वेबेकमध्येच ५०, आणि क्वेबेक ईस्टमधून इव्हाँ-रोमा तासे. चार वर्षांनी त्याहून मोठा धक्का: रेआल काउएत यांच्या सोशल क्रेडिट पक्षाने टीव्हीवरच्या घणाघाती भाषणांच्या जोरावर क्वेबेकमध्ये २६ जागा काढल्या. ‘तुमच्याकडे गमावण्यासारखं काही नाही’ हा त्यांचा प्रचार होता. क्वेबेक ईस्टमधून रॉबेर बोले गेले. वकिलांची, मोठ्या नावांची परंपरा तिथे संपली. जागा लिबरल विचारांची होती की बड्या नेत्याची, या प्रश्नाचं उत्तर लिबरल पक्षाला त्या दोन निवडणुकांत मिळालं.

पुढची यादी भराभर: १९६५ पासून लिबरल जेरार दुके, १९८४ पासून कॉन्झर्व्हेटिव्ह मार्सेल त्रेम्ब्ले, १९९३ पासून क्वेबेकच्या स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या ब्लॉक क्वेबेकवाचे जाँ-पॉल मार्शां, २००० मध्ये लिबरल जाँ-गी कारिन्याँ. तेच शेवटचे.

भारताशी, महाराष्ट्राशी या मतदारसंघाचा काही संबंध?

मतदारसंघाचा नाही, त्याच्या दोन्ही पंतप्रधानांचा आहे, आणि तो सगळा गोड नाही. मायदेशातून ‘थेट, न थांबता’ आलेल्यांनाच प्रवेश, हा १९०८ चा नियम लॉरिये सरकारचा. भारतातून तसं जहाजच येत नव्हतं, त्यामुळे शब्दांत भारताचं नाव न घेता भारतीयांसाठी दार बंद झालं. १९१४ मध्ये भारतीय प्रवाशांचं कोमागाटा मारू जहाज व्हँकुव्हरहून परत पाठवलं गेलं ते बोर्डन यांच्या काळात, पण नियम जुनाच होता. लॉरियेंचे पुतळे पाहताना हे आठवावं.

सँ-लोराँच्या काळात दार किलकिलं झालं: १९५१ च्या करारानुसार भारतातून वर्षाला १५० जणांना प्रवेश. आकडा वाचून हसू येतं, पण सुरुवात तीच. १९५४ मध्ये ते स्वतः दिल्लीला येऊन नेहरूंना भेटले. आणि १९५६ मध्ये त्यांच्या सरकारने कोलंबो योजनेखाली भारताला अणुभट्टी देण्याचा करार केला. ती मुंबईत ट्रॉम्बेला उभी राहिली, १९६० मध्ये सुरू झाली आणि २०१० च्या अखेरीस बंद झाली: ‘सायरस’. १९७४ च्या पोखरण चाचणीसाठीचं प्लुटोनियम तिच्यातूनच आलं आणि कॅनडाने भारताशी अणुसहकार्य तोडलं.

मतदारसंघ रद्द का केला? कुणाचा राजकीय डाव होता का?

डाव नाही, पुनर्रचना. १९६४ पर्यंत कॅनडात मतदारसंघांच्या सीमा संसदच आखायची, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्या सोयीला भरपूर वाव होता. त्या वर्षीच्या कायद्याने हे काम स्वतंत्र आयोगांकडे गेलं आणि ते दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर होतं. लोकसंख्या जुन्या वस्तीतून उपनगरांकडे गेली तसा क्वेबेक ईस्टही सरकत गेला. २००३ च्या पुनर्रचनेत नाव काढलं गेलं तेव्हा त्याचा लॉरियेंच्या सँ-रॉकशी फारसा संबंध उरला नव्हता. आपल्याकडे २००८ च्या पुनर्रचनेत राजापूर, कराड, खेड हे लोकसभा मतदारसंघ असेच गेले. नाथ पै आणि मधू दंडवते यांचा राजापूर रत्नागिरी-सिंधुदुर्गात विरला, तेव्हा कोकणात जी हळहळ झाली तिचा अंदाज कुणालाही येईल. क्वेबेकमध्ये २००३ ला तशी हळहळ व्हायचं कारण नव्हतं. ज्या वस्तीला हळहळ वाटली असती ती आधीच दुसऱ्या मतदारसंघात होती.

आज त्या भागाचं प्रतिनिधित्व कोण करतं?

पुनर्रचनेत शहराच्या वायव्येकडच्या भागासाठी नवा मतदारसंघ झाला आणि त्याला लुई-सँ-लोराँ असंच नाव दिलं. २००६ पासून तो बहुतेक वेळा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडे राहिला आहे. २०१५ पासून जेरार देल्तेल तिथले खासदार आहेत. २०२५ च्या निवडणुकीत त्याच्या नावाला सँ-शार्ल नदीचं वेंडाट आदिवासींच्या भाषेतलं नाव, अकियावेन्राक, जोडलं गेलं. जुनं सँ-रॉक आता क्वेबेक सेंटरमध्ये मोडतं, आणि तिथून २०२५ मध्ये लिबरल पक्षाचे जाँ-इव्ह द्युक्लो निवडून आले.